वाटेवरच्या माणसाची शुश्रूषा

(लोणंद येथील स्मृतिव्याख्यानमालेत परिचर्या या विषयावर झालेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

१८९७ च्या मार्चमध्ये पुण्यात तीन दिवसांच्या अंतराने दोन घटना घडल्या. १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. मुंढव्याजवळच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाल्याचं कळताच त्या तिथे धावल्या होत्या. पोराला पाठीवर घेऊन त्यांनी आपले दत्तक पुत्र डॉक्टर यशवंत यांच्या दवाखान्यात आणलं आणि त्याच आजाराने त्यांचा शेवट झाला. १३ मार्चला वॉल्टर रँड यांच्या प्लेग समितीने लष्करी शिपायांकरवी पुण्यात घरझडत्या सुरू केल्या. रोगी उचलून इस्पितळात, घरातली बाकीची माणसं विलगीकरणाच्या छावणीत, संशयित सामान जाळून टाकायचं, अशी ती पद्धत. सोजीर बूट घालून देवघरात शिरतात, परके पुरुष बायकांना तपासतात, अशा तक्रारी घरोघरी होऊ लागल्या. लोकांनी आजारी माणसं लपवायला सुरुवात केली. २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली.

सातारा जिल्ह्याचा या दोन्ही माणसांशी संबंध आहे. सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, नायगावचा. आणि नायगाव लोणंदच्याच खंडाळा तालुक्यात येतं. रँड पुण्याला येण्याआधी साताऱ्यात असिस्टंट कलेक्टर होते.

रँड यांच्या समितीचं वैद्यकशास्त्र त्या काळाच्या मानाने अडाणी नव्हतं. उंदरावरच्या पिसवांचा प्लेगशी संबंध पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवला तो १८९८ साली. त्याआधी रोगी वेगळा काढणं आणि घर निर्जंतुक करणं एवढंच डॉक्टरांच्या हाती होतं. म्हणजे उपाय जवळपास तोच, जो यशवंतांच्या दवाखान्यात होता: रोगी वस्तीबाहेर न्यायचा आणि त्याची शुश्रूषा करायची. फरक पडला तो न्यायला कोण आलं आणि कसं आलं यामुळे. आज परिचर्येच्या पुस्तकांत ‘सांस्कृतिक सक्षमता’ नावाचं जे प्रकरण असतं, त्याचा सगळा आशय या फरकात आहे.

त्याच साथीतली तिसरी घटनाही विसरता कामा नये. लोकमान्य टिळकांनी पुण्यात हिंदूंसाठी वेगळं प्लेग इस्पितळ उघडायला पुढाकार घेतला. सरकारी इस्पितळात जायला कचरणारी माणसं तिथे येतील हा त्यामागचा हिशेब होता आणि व्यवहार म्हणून तो बरोबर होता. पण महारवाड्यातल्या गायकवाडांच्या मुलाला कुणाच्या पाठीवरून कुठे जाता आलं, हा प्रश्न त्या हिशेबाच्या बाहेर राहतो. आपल्या मुलखात रोग्याच्या चालीरीतींचा मान राखायचा म्हटलं की जात लगेच दारात उभी राहते. पाश्चात्त्य पुस्तकांतला धडा इथे जसाच्या तसा चालत नाही तो याच कारणाने. रोग्याच्या उपासाचा, भाषेचा, लाजेचा मान नर्सने राखायचा. विटाळाचा राखायचा नाही. संघमित्रा आचार्य यांनी गुजरात आणि राजस्थानातल्या खेड्यांमध्ये दलित मुलांना मिळणाऱ्या आरोग्यसेवेचा अभ्यास केला. त्यात औषध देताना हात लागू न देणं, तपासताना अंतर ठेवणं, घरात न शिरणं असे प्रकार नोंदले गेले आहेत. गोळी तीच, पण ती वरून तळहातावर टाकली की पुढच्या वेळी आई मुलाला घेऊन येत नाही.

महाराष्ट्राची सरासरी पाहिली तर चित्र चांगलं दिसतं. २०१८ ते २०२० या काळात राज्यात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू झाले, केरळखालोखाल कमी. या आकड्यामागे हजारो नर्स, आरोग्यसेविका आणि आशाताईंचे कष्ट आहेत, आणि त्याबद्दल महाराष्ट्राने त्यांचं ऋण मानलं पाहिजे. पण सरासरीत कोण मोडतं आणि कोण निसटतं हे पाहायला लोणंदइतकं चांगलं ठिकाण दुसरं नाही, कारण हे गाव वाटेवरचं आहे. नीरा ओलांडली की पालखीचा सातारा जिल्ह्यातला पहिला मोठा तळ इथे पडतो. कांद्याच्या बाजाराला आणि शेळ्यामेंढ्यांच्या बाजाराला चार तालुक्यांतली माणसं इथे येतात. दिवाळीनंतर मेंढपाळांचे वाडे या भागातून कोकणाकडे निघतात. त्याच सुमाराला मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या फलटण, बारामती, खंडाळा पट्ट्यातल्या उसात उतरतात. लोणंद आणि शिरवळच्या औद्योगिक वसाहतींत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातली पोरं खोल्या करून राहतात. आपली आरोग्यव्यवस्था मात्र बसलेल्या माणसासाठी रचलेली आहे. पाच हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र, तीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र. ही लोकवस्ती म्हणजे गावात घर असलेली, यादीत नाव असलेली माणसं.

चालत्या माणसामागे आरोग्यसेवा चालू शकते का? चालू शकते, आणि याचा पुरावा दर वर्षी लोणंदच्याच तळावर मिळतो. पालखीबरोबर रुग्णवाहिका असतात, वाटेवर तपासणीचे तंबू असतात, प्रत्येक मुक्कामी डॉक्टर आणि परिचारिका नेमलेल्या असतात. २०२२ साली राज्य महिला आयोगाने वारीतल्या बायकांसाठी सॅनिटरी नॅपकिन आणि आडोशाची सोय असलेला उपक्रम सुरू केला. २०२३ पासून ‘आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी’ या नावाने सरकारी मोहीम चालते. एके काळी पंढरीची वारी म्हटलं की पटकीची साथ असं समीकरण होतं. आज तशी परिस्थिती नाही.

वारीत काम केलेल्या परिचारिकांना पुस्तकात नसलेल्या कितीतरी गोष्टी ठाऊक असतात. वारीत माणसाचा पत्ता म्हणजे दिंडीचा क्रमांक. दिंडी रथापुढची की रथामागची एवढं कळलं की चक्कर येऊन पडलेल्या म्हातारीची माणसं तासाभरात सापडतात. एकादशीला मधुमेहाच्या वारकऱ्याने गोळी घेतली आणि जेवण घेतलं नाही, तर साखर उतरून तो वाटेत कोसळू शकतो. त्याला उपास मोडायला लावण्यापेक्षा उपासाला काय खाणार आणि गोळी केव्हा घेणार हे आधी विचारलेलं बरं. अनवाणी चालणाऱ्या मधुमेह्याचा पाय रोज संध्याकाळी पाहायला हवा, कारण त्याला जखम झालेली कळतच नाही. गळ्यातली तुळशीची माळ हा त्याचा आयुष्यभराचा नेम असतो. छातीचा फोटो काढायचा असला तर न विचारता ती तोडायची नसते. यातलं काहीच अवघड नाही. वारकरी आपला आहे असं सगळ्यांना वाटतं, म्हणून हे सगळं आपोआप सुचतं.

ऊसतोडीला आलेल्या बाईबद्दल तसं वाटत नाही, आणि इथेच खरा प्रश्न सुरू होतो.

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची तर एकही खाडा परवडत नाही, कारण खाड्याचे पैसे कापले जातात. पहाटे अंधारात फडात जायचं, दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या. गाडी रात्री आली तर रात्री भरायच्या. राहायला उसाच्या पाचटाची नाहीतर प्लॅस्टिकच्या कागदाची कोपी. संडास नाही, न्हाणी नाही, पाणी लांबून आणायचं. पाळीच्या दिवसांत कापड बदलायला आडोसा म्हणून फडच. अशा जगण्यात अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, जंतुसंसर्ग होणं ठरलेलंच. त्यावर गोळ्यांचा कोर्स आणि स्वच्छ पाणी हा उपाय. पण गोळ्यांसाठी दवाखान्यात जायचं तर खाडा, दाखवायला परत जायचं तर दुसरा खाडा. मग कुणीतरी सांगतं, पिशवी काढून टाक म्हणजे कायमची सुटका.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे साधारण सहांत एक. राज्यातलं सर्वसाधारण प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास असताना हा आकडा आला. त्यांतल्या कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. एवढ्या लवकर, त्यातही अंडाशयासकट ही शस्त्रक्रिया झाली तर हाडं ठिसूळ होणं, हृदयविकाराचा धोका वाढणं हे पुढे येतं, आणि मोळी तर उचलावीच लागते. बीडमध्ये खासगी रुग्णालयांतल्या अशा शस्त्रक्रियांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागेल असा नियम झाला. बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या अशाच प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना मार्गदर्शक सूचना लागू करायला सांगितलं.

यात नर्स कुठे आहे? ती दोन टोकांना आहे. एक बीडच्या गावात, जिथून ही बाई दसरा-दिवाळीच्या सुमारास निघून जाते आणि उन्हाळ्यात परतते. दुसरी सातारा-सांगली-कोल्हापूरच्या उसाच्या गावात, जिथे ती बाई पाच-सहा महिने राहते पण यादीत नसते. पहिलीच्या वहीत ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो, दुसरीच्या वहीत काहीच नाही. गरोदर बाईची सातव्या महिन्याची तपासणी एका वहीतून गळते आणि दुसरीत चढत नाही. गोळी लिहून देताना ‘आठ दिवसांनी या’ म्हटलं जातं; आठ दिवसांनी टोळी तीस किलोमीटरवरच्या फडात गेलेली असते. यात कुणी कुणाला हाडतुड केलेलं नाही, तरी बाई उपचाराविना राहिली. आरोग्यातली विषमता बहुतेक वेळा अशीच, कुणाचाही आवाज न चढता तयार होते.

या बाईलाही पत्ता असतो. मुकादमाचं नाव, कारखान्याचं नाव, टोळी कुठल्या गावची, गाडी बैलाची की टायरची की ट्रॅक्टरची, एवढं विचारलं की ती सापडते. कारखान्याच्या शेतकी खात्याकडे कुठली टोळी कुठल्या फडात आहे याची रोजची नोंद असते, कारण ऊस वेळेवर गव्हाणीत पडायला हवा असतो. ही नोंद आरोग्य केंद्रात पोहोचायला कुठलंही नवं शास्त्र लागत नाही.

मेंढपाळांचंही तसंच. आश्विनात जन्मलेल्या धनगराच्या बाळाचा हिशेब करून पाहावा. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी येतात त्या नेमक्या वाडा कोकणच्या वाटेवर असताना. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस येते तेव्हा पावसाच्या तोंडावर वाडा परतलेला असतो. म्हणजे एका लसीसाठी बाळ गावात असतं आणि तीन लसींसाठी घोडीवर. खतासाठी कुणाच्या शेतात मेंढ्या बसवल्या आहेत हे गावात सगळ्यांना माहीत असतं; आरोग्यसेविकेनेही ते विचारायला हवं. माता-बाल संरक्षण कार्ड कुठल्याही केंद्रात चालतं, हे निघण्याआधी बाळाच्या आईला सांगितलं आणि कार्ड भिजणार नाही असं बांधून दिलं, तर पुढच्या केंद्रातल्या सिस्टरचं अर्धं काम होतं.

सांगलीकडे गेलं की प्रश्नाचं रूप बदलतं. मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली इस्पितळ उभारलं तेव्हापासून बेळगाव-विजापूरकडचा रुग्ण तिथे येतो; जतच्या कितीतरी गावांत घरची भाषा कानडीच आहे. दुखणं नेमकं कुठलं, कळ कशी येते, हे रोगी आपल्या भाषेतच सांगू शकतो. तिथे नातवाला दुभाषा करून आजीची पाळी आणि लघवी विचारली तर आजी खरं सांगणार नाही. भाषा येणारी बाईच लागते, आणि त्या भागात ती मिळणं मुळीच कठीण नाही.

सांगलीनेच आणखी एक धडा दिला आहे. १९९२ साली मीना सेषू यांनी ‘संग्राम’ या संस्थेचं काम सुरू केलं. एड्सच्या भीतीने दवाखान्यांची दारं वेश्याव्यवसायातल्या बायकांना बंद होण्याचा तो काळ. पुढे याच बायकांनी ‘वेश्या अन्याय मुक्ति परिषद’ उभी केली. त्या स्वतः वस्तीत निरोध वाटू लागल्या, आजारी बाईबरोबर दवाखान्यात जाऊन उभ्या राहू लागल्या, आपल्याशी कसं बोललं जावं हे सांगू लागल्या. एचआयव्ही असलेल्या माणसाशी उपचारात भेदभाव करायला कायद्याने बंदी झाली ती २०१७ च्या कायद्याने, आणि तो लागू झाला सप्टेंबर २०१८ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी सांगलीतल्या बायकांनी हे आपल्या हिमतीवर मिळवायला सुरुवात केली होती.

चांगली शुश्रूषा झाली की नाही हे कुणी ठरवायचं? न्यूझीलंडमध्ये इरिहापेटी रॅम्सडेन या माओरी परिचारिकेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस यावर ठाम उत्तर दिलं: ज्याची शुश्रूषा झाली त्याने. मॅडलिन लायनिंगर या अमेरिकन परिचारिकेने त्याआधी तीसेक वर्षं, संस्कृती समजून शुश्रूषा करण्याचं शास्त्र मांडायला सुरुवात केली होती. त्यात रोग्याच्या चालीरीतींचा अभ्यास नर्सने करायचा होता. रॅम्सडेन यांनी नर्सला आधी स्वतःकडे पाहायला सांगितलं: तुझी जमात कुठली, तुझ्या हाती सत्ता किती, समोरच्याच्या इतिहासात तुझ्यासारख्यांनी काय केलं आहे? १९९२ पासून तिथल्या नर्सिंग कौन्सिलने हा विषय शिक्षणात आणला. वर्तमानपत्रांतून टीका झाली, तरी तो टिकला.

महाराष्ट्राला हे उत्तर विशेष जवळचं आहे, कारण चालीरीतींच्या याद्या इथे फार घातक ठरतात. ‘पारधी असे असतात’, ‘धनगर तसे असतात’, ‘त्यांच्यात पोरींकडे बघत नाहीत’ अशा याद्या आपल्याकडे आधीच तोंडपाठ आहेत. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी पारध्यांसारख्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, १९५२ साली तो कायद्यातून पुसला गेला, पण दवाखान्याच्या रांगेत पारधी बाई उभी राहिली की पर्स सावरणारे हात अजून आहेत. अशा ठिकाणी नव्या याद्या पाठ करण्याचा उपयोग नाही. समोरच्या बाईला विचारणं हाच मार्ग, आणि ‘अगं ए’ न म्हणता ताई, मावशी म्हणून विचारणं. प्रसूतिकक्षात ओरडाआरडा, चापट, टोमणा होऊ नये म्हणून केंद्र सरकारला डिसेंबर २०१७ मध्ये ‘लक्ष्य’ या कार्यक्रमात सन्मानाने वागवण्याची अट घालावी लागली, यावरून परिस्थितीचा अंदाज येतो.

विचारल्याने काय होतं याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गोंड लोकांना विचारलं की दवाखाना कसा हवा. उत्तरातून उभा राहिला तो माँ दंतेश्वरी दवाखाना: पाड्यासारख्या झोपड्या, आणि रोग्याबरोबर नातेवाइकांना राहायची सोय. १९८९ साली राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांच्या तपासणीवर निबंध प्रसिद्ध केला. त्यांतल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होता आणि आधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. ऊसतोडीच्या बायकांचं दुखणं तीस वर्षं आधी असं कागदावर आलेलं होतं. पुढे गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली गेली आणि ३९ गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले; १९९९ साली ‘लॅन्सेट’ने ते छापलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जातात, तो कार्यक्रम याच कामातून देशभर गेला. १९७० पासून जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनीही हेच केलं: गावातल्या अडाणी समजल्या गेलेल्या, पुष्कळदा दलित असलेल्या बायकांनाच आरोग्याचं काम शिकवलं आणि ज्यांच्या घरचं पाणी चालत नव्हतं त्यांच्या हातची औषधं गावाने घेतली.

आता हा सगळा भार नर्सच्या डोक्यावर ठेवून मोकळं होणं अन्यायाचं ठरेल. एका वॉर्डात दोघींचं काम एकटीने करणाऱ्या सिस्टरला ‘प्रत्येक रुग्णाशी पाच मिनिटं बोला’ सांगणं ही क्रूर थट्टा आहे. वह्या, ॲप, अहवाल यांत तिचा निम्मा दिवस जातो. शिवाय खाडा पडू नये म्हणून संध्याकाळी सातला कोप्यांवर जाऊन तपासायचं तिने ठरवलं, तर परवानगी, गाडी, सोबत आणि बदली सुट्टी तिला कुणीतरी द्यायला हवी. तालुका आरोग्य अधिकारी आणि कारखान्याचा कार्यकारी संचालक यांनी हंगामाआधी एकदा समोरासमोर बसावं, हे त्या सिस्टरच्या सौजन्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे. पालखीसाठी जे जमतं ते कोयत्यासाठी जमत नाही, याचं कारण पैशाच्या कमतरतेत सापडणार नाही.

राज्यात ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ आहे, कारखान्यांकडे टोळ्यांच्या याद्या आहेत, प्रत्येक गावात आशाताई आहेत. लोणंद परिसरातल्या ग्रामपंचायतींनी, डॉक्टरांनी, नर्सिंगच्या विद्यार्थिनींनी आणि बागायतदारांनी येत्या गाळप हंगामात एवढं करावं: शिवारात कोप्या पडल्या की पहिल्या आठवड्यात आशाताईंना कळवावं, गरोदर बायका आणि लहान मुलं मोजून त्यांची नावं उपकेंद्राच्या वहीत चढवावीत, कोप्यांजवळ पाण्याची टाकी आणि आडोसा उभा करावा, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ परिचारिकेला गाडी द्यावी. ऊस ज्याच्या शेतातला, त्याने मुकादमाला स्पष्ट सांगावं की दवाखान्यात गेलेल्या बाईचा खाडा धरायचा नाही.